वाटेवरच्याची रोटी

आमच्या दारखच्या गढीत कुणी लांबच्या वाटेला निघालं की त्याच्यासाठी तंदुरातून एक रोटी वेगळी काढतात. जाणाऱ्यानं तिचा एक घास दातानं तोडायचा, खायचा, आणि उरलेली रोटी घरात ठेवून निघायचं. बायका ती दोरीत ओवून कोठीच्या तुळईला टांगतात. माणूस परत आला, मधल्या दाराचा उंबरा ओलांडून आत आला, की त्यानं आधी ती लाकडासारखी झालेली रोटी चहात भिजवून संपवायची. मग तो आला असं धरायचं. तोवर तो वाटेवर. आणि वाटेवरच्या माणसावर घरातल्या कुणीही हात उचलायचा नाही, त्यानं काही का केलेलं असेना.

माझ्या आजोबांचा एक पुतण्या त्यांचा लाडका घोडा विकून समरकंदला पळाला होता. निघताना बेट्यानं रोटी मात्र रीतसर चावली होती. पुढे आजोबांना तो बाजारात दोनदा भेटला. दोन्ही वेळा आजोबांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, घरी ये, रोटी खा, मग बघतो तुझ्याकडे. तो कसला येतोय! आजोबांना मातीत ठेवल्यावरच तो उगवला, आणि रोटी खाताना इतका रडला की सगळ्यांना वाटलं आजोबांसाठी रडतोय. मला विचाराल तर त्याचे दात दुखत होते.

ही रीत मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते सगळं रोटीपायी झालं. बाहेरचे लोक ऐकतात आणि म्हणतात, एवढ्याशा रोटीवरून? त्यांना समजावत बसायचा मला आता कंटाळा आलाय.

गढीचा धनी, बेग, म्हणजे माझा दादा; मी त्याची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी परत आले आणि आतल्या चौकात राहिले ती कायमची. वहिनी गेली तेव्हा दादाची दोन्ही मुलं लहान होती, बेहरोज आणि नुक्रा. दोघांना मीच वाढवलं. बेहरोजला मिसरूड फुटलं त्या सुमारास नदीपलीकडच्या अंगझोरच्या मीरशी कुरणावरून पुन्हा जुंपली. भांडण जुनंच होतं, अधूनमधून कुणीतरी फुंकर घालायचं. बेहरोजनं रोटी चावली, माझ्या गालाला चिमटा काढला आणि शीळ घालत पुलावर गेला. पुलावर काय झालं ते सांगायला आमच्यातलं कुणी परत आलं नाही. बाकीच्यांची प्रेतं नदीनं खालच्या वळणावर आणून टाकली. बेहरोजचं तेवढं सापडलं नाही.

मेलेल्याला डोळ्यांनी पाहिलेला माणूस येऊन सांगत नाही तोवर रोटी उतरवायची नसते. त्यानं सांगितलं की मग ती चुरून पाखरांना घालतात. आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही, म्हणून बेहरोजची रोटी टांगलेलीच राहिली. दादानं त्यानंतर कोठीत पाऊल टाकलं नाही. त्याला ती बघवत नव्हती, आणि उतरवा म्हणायची छातीही होत नव्हती.

मुलगा असा हातातून गेल्यावर दादानं मुलीला कुलपात ठेवलं. तशा आमच्याकडच्या बायका आतल्या चौकातच असतात, पण लग्नकार्याला जातात, शेजारी जातात, गच्चीवर जर्दाळू वाळत घालता घालता चार घरची खबर घेतात. नुक्राला तेही बंद झालं. मधल्या दाराला दिवसरात्र कडी आणि कडीला कुलूप. मागणी घालायला आलेल्यांना दादा पोटभर जेवू घालायचा आणि वाटेला लावायचा. मुलगी गेली तर घरात काय राहिलं, असं एकदाच मला म्हणाला. त्यावर मी काय बोलणार? मीही त्या घरात होते, पण माझी मोजदाद त्यानं केली नव्हती.

नुक्राच्या खिडकीतून डोंगराचा एक तुकडा दिसायचा आणि त्यावरून जाणारी एक पायवाट. कुणाचं गाढव कधी वर गेलं, कधी खाली आलं, हे तिला पाठ होतं. नदीचा आवाज तिनं जन्मापासून ऐकला होता आणि नदी कधी पाहिली नव्हती. ती अठराची, मी पन्नाशीची, दोघी समोरासमोर बसायचो आणि बोलायचं सगळं केव्हाच बोलून झालेलं असायचं. चहा ओतताना ती तीन पियाले मांडायची. तिसरा बेहरोजचा. तो गार झाला की मी पिऊन टाकायचे, कारण चहा फेकवत नाही आणि तिला काही सांगवतही नाही. असं एकटेपण मी माझ्या विधवापणातही भोगलं नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तिसऱ्या वसंतात पियाले सांधणारा आला. फुटक्या चिनी भांड्यांना बारीक भोकं पाडून पितळेचे टाके घालणारा एक म्हातारा दरवर्षी यायचा. यंदा हा नवीनच होता, उंच, तरुण, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. मधल्या दाराला खाली हातभर रुंद झरोका आहे, फेरीवाल्यांकडून त्यातूनच घ्यायचं-द्यायचं. तिथे येऊन बसला आणि म्हणाला, मी म्हाताऱ्याचा पुतण्या ताहिर, म्हातारा वारला. मी त्याला फुटका पियाला दिला. त्यानं तो दोन्ही पायांत धरून दोरीच्या गिरमिटानं भोकं पाडली, टाके घातले, वर अंड्याचा बलक आणि चुना लावला. दिसायला काम बरं दिसलं. संध्याकाळी त्यात चहा ओतला तर सगळा माझ्या मांडीवर.

आठवड्यानं तो परत दारावरून चालला होता. मी त्याला हाक मारून झरोक्याशी बसवला आणि पियाल्यात पाणी ओतून दाखवलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"मावशी, हात बसायचाय अजून," तो म्हणाला.

"तुझा हात बसेपर्यंत आमचे पियाले पुरायला हवेत ना, बाबा."

माझ्या मागे नुक्रा हसली. त्या घरात किती काळानं कुणी हसलं होतं. मी वळून पाहिलं तर तिनं ओढणी तोंडात कोंबली होती. त्या एका हसण्यापायी मी पुढे पुष्कळ गोष्टींकडे काणाडोळा केला, आणि आजही कुणी मला त्याबद्दल बोललं तर मी ऐकून घेत नाही.

त्यानंतर नुक्राच्या हातून पियाले निसटू लागले. आधी एक, मग दोन, मग वहिनीच्या माहेरून आलेली निळी किटली. मी म्हटलं, अगं, निदान चांगली भांडी तरी सोड. ती म्हणाली, आत्या, ओल्या हातातून घसरतात. हात कोरडे ठणठणीत होते.

त्याच्याशी ती पहिल्यांदा बोलली ती मात्र भावाबद्दल. तुम्ही गावोगाव फिरता, ती म्हणाली, डाव्या भुवईवर व्रण असलेला, शीळ घालत चालणारा कुणी भेटला तर त्याला सांगा, तुझी रोटी अजून टांगलेली आहे. झरोक्याबाहेर गिरमिट थांबलं. मग कट्कन आवाज झाला. हातातला पियाला त्यानं दाबून नव्यानं फोडला होता. मला वाटलं, धांदरट आहे मेला. मग तो म्हणाला, भेटला तर सांगेन.

तो सांधणारा नव्हता हे मला लवकरच कळलं. त्याच्या तळहाताला लगामाचे घट्टे होते, गिरमिटाचे नव्हते. बोटावर अंगठीचा पांढरा वण होता. मी समजले, कुणा मालदार व्यापाऱ्याचा घरातून रुसून पळालेला पोरगा असावा. याहून पलीकडे माझी बुद्धी गेली नाही. नदीपलीकडच्यांना शिंगं असतात असंच आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ते आपल्या दारात बसून अंड्याचा बलक फेटतील, हे कुणाच्या डोक्यात येईल?

तो उन्हाळाभर येत राहिला. खालच्या सरायीत उतरला होता. गावातल्या बायका त्याच्या कामाला शिव्या घालायच्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा भांडं द्यायच्या. आमच्या झरोक्याशी तो बसला की मी मध्ये टकळी घेऊन बसायचे. नुक्रा भिंतीला टेकून. ती त्याला विचारायची, बाजार कसा असतो, घाटातला बर्फ कसा असतो, नदी जवळून कशी असते. नदीजवळ गेलं की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही, तो म्हणाला. मग बरंच आहे, ती म्हणाली, कुणाला काही सांगायचं असेल तर तिथेच जाऊन सांगावं. एकदा त्यानं फडक्यात बांधून नदीतला एक दगड आणला. ओला होता तेव्हा निळा होता, वाटेत वाळला, असं ओशाळून म्हणाला. ती दगड पियाल्यात टाकून वर पाणी ओतायची आणि निळा होताना बघत बसायची. पाणी पाझरून खाली सांडायचं, कारण पियाला त्यानंच सांधलेला.

भांडं देता-घेताना बोटांना बोटं लागायची. मी टकळीकडे बघायचे. त्यांनी एकमेकांचा पुरता चेहराही पाहिला नव्हता. झरोक्यातून त्याला तिच्या हाताची बोटं दिसत असतील आणि तिला त्याचे गुडघे, वाकला तर हनुवटी आणि तो तुटका दात. एवढ्यावर माणूस जीव लावतो. ज्यांना सगळं बघायला मिळतं ते तरी काय मोठे लावतात!

घाट बंद व्हायच्या आत खाली उतरतो, असं तो एक दिवस म्हणाला. जर्दाळू फुलले की येईन. नुक्रा उठली आणि न बोलता तंदुराकडे गेली. मला कळलं ती काय करणार आहे. मी म्हटलं, पोरी, ही घरच्या माणसाची रीत आहे, फेरीवाल्याची नाही. तिनं रोटीवर ठसा मारला, तंदुराच्या भिंतीला थापली, आणि भाजून झाल्यावर गरम गरम झरोक्यातून बाहेर धरली.

"चावा घ्या," ती म्हणाली.

त्यानं गिरमिट पिशवीत घातलं. मग हळू आवाजात म्हणाला, "नको. मी कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही."

"परत येणार आहात ना? मग तेवढं माहीत असलं की पुरे."

"नुक्रा, मला तुम्हाला एक सांगायचंय. उन्हाळाभर सांगायचं होतं."

"आल्यावर सांगा. म्हणजे यावंच लागेल."

तिचा हात झरोक्यातून बाहेर तसाच राहिला. गरम रोटीनं बोटं भाजली असतील, पण तिनं हात मागे घेतला नाही. शेवटी त्यानं रोटी घेतली. आत आली तेव्हा तिच्या कडेला चाव्याची कमान होती आणि कमानीच्या मधोमध तुटक्या दाताचा उंचवटा. नुक्रानं ती बेहरोजच्या रोटीशेजारी टांगली. कोठीत आम्हा दोघींखेरीज कुणी जात नव्हतं, म्हणून दादाला ती दिसायचा प्रश्न नव्हता.

त्या हिवाळ्यात ती सुखी होती का? मला नाही वाटत. वाट बघण्यात जे असतं ते होतं. बर्फ पडला, पायवाट दिसेनाशी झाली, आणि ती रोज कोठीत जाऊन उभी राहायची. आधी एका रोटीखाली राहायची, आता दोन रोट्यांखाली. मी तिला सरपण फोडायला, लोकर पिंजायला हाका मारायचे आणि ती यायची, काम करायची, पण मी तिथे आहे हे तिला आठवत नसावं.

जर्दाळू फुलले आणि एका सकाळी बाहेरच्या चौकात गलका झाला. मी मधल्या दाराच्या फटीला डोळा लावला. अंगात रेशमी चोगा, कमरेला रिकामं म्यान, दोन्ही हात मागे बांधलेले, असा एक तरुण आमच्या माणसांच्या घोळक्यात उभा होता. पुलावरून एकटाच पायी आला होता. फाटकावर त्यानं स्वतःच नाव सांगितलं होतं, मन्सूर, अंगझोरच्या मीरचा थोरला मुलगा. मग त्यानं मान वर केली आणि मला तो तुटका दात दिसला. माझ्या हातातली टकळी खाली पडली.

दादा बाहेर आला. कमरेचा सुरा त्यानं आधीच उपसला होता. कशाला आलास, एवढंच त्यानं विचारलं.

"निरोप आहे," मन्सूर म्हणाला. "पुलावर तुमच्या मुलानं दिला होता. द्यायला फार उशीर झाला."

तो सांगत गेला, आणि प्रत्येक शब्द आम्हा दोघींना दारामागे ऐकू येत होता; नुक्राही येऊन माझ्या खांद्याशी उभी राहिली होती.

"हुकूम माझा होता. पुलावरून कुणाला जिवंत जाऊ देऊ नका, असं मीच म्हणालो होतो. तुमचा मुलगा पडल्यावर मी जवळ गेलो. त्यानं माझ्याकडेच पाणी मागितलं. मग म्हणाला, घरी माझी रोटी टांगलीय. बहिणीला सांग, उतरव म्हणावं. हट्टी आहे, ऐकणार नाही, नीट समजावून सांग. आमच्याकडे त्याला नदीत टाका म्हणत होते. मी टाकू दिला नाही. पुलापलीकडे अक्रोडाखाली पुरलाय, माझ्या हातानं. गेल्या वर्षी हेच सांगायला आलो होतो, पण जीभ उचलली नाही."

दादाला शेवटचं वाक्य कळलं नाही. त्याला कळायची गरजही नव्हती. मुलगा मेला हे त्याला आत्ता, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा समजलं होतं. तो सुरा घेऊन पुढे झाला आणि मन्सूर जागचा हलला नाही.

माझ्या खांद्याशी कुणी नव्हतं. मी वळले तर नुक्रा कोठीतून रोटी घेऊन येत होती. दाराचं कुलूप त्या दिवशी काढलेलं होतं, पाणक्या नुकताच येऊन गेला होता. तिनं कडी सरकवली आणि दार ढकललं. उंबऱ्यापाशी ती थबकली. बेहरोज गेल्यापासून तिनं तो ओलांडला नव्हता. मग ओलांडला आणि सगळ्या पुरुषांसमोरून चालत बापापुढे जाऊन उभी राहिली.

"ही याची आहे, बाबा," ती म्हणाली. "मी भाजली, यानं चावली, मी टांगली. बेहरोजच्या शेजारी."

म्हाताऱ्या सरदारांनी रोटीच्या चाव्याकडे पाहिलं आणि मग मन्सूरच्या तोंडाकडे. कुणाला काही विचारावं लागलं नाही. दादाचा हात वर होता तो तसाच राहिला. त्या क्षणी त्याच्या मनात काय काय आलं असेल ते मला सांगता येणार नाही, पण तो आजोबांचा नातू होता. रीत मोडणं त्याला जमलं नसतं, मेला असता तरी.

"बरं," शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "म्हणजे तो घरी आलाय. आत घ्या त्याला. रोटी खाऊ दे. मग बघतो."

दोर कापला. मन्सूरनं मनगटं चोळली आणि नुक्रासमोर दोन्ही हात पसरले. आजोबांच्या पुतण्याची गोष्ट आमच्या मुलखात पोराटोरांना ठाऊक आहे. रोटी संपली की काय होणार हे त्यालाही ठाऊक होतं.

"दे," तो म्हणाला. "खायलाच आलोय मी."

नुक्रा त्याच्याकडे बघत होती. झरोका नाही, भिंत नाही, पहिल्यांदाच समोरासमोर. याच्या हुकुमानं आपला भाऊ मेला, आणि आपण उन्हाळाभर याच्यासाठी भांडी फोडली. दोन्ही गोष्टी तिच्या चेहऱ्यावर मला एकदमच दिसल्या. तिचा हात थोडा पुढे झाला. मला वाटलं ती देतेय. मग तिनं रोटी छातीशी धरली.

"नाही," ती म्हणाली. "यानं उंबरा कुठे ओलांडलाय? हा अजून वाटेवर आहे."

"नुक्रा—"

"वाटेवरच्यानं थांबू नये. जा."

तो उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, जा ना. या वेळी तिचा आवाज फाटला. दादानं सुरा म्यानात घातला, दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा घातला, आणि फाटक उघडा असं माणसांना खुणावलं. मन्सूर पुलाकडे चालू लागला. ती बघायला थांबली नाही. आली होती तशीच परत आत आली आणि दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

मला वाटलं, दादा तिला मारेल. मला तर सोडणारच नाही. दुपारी तो आतल्या चौकात आला आणि थेट कोठीत गेला. बेहरोजची रोटी त्यानं उतरवली, अंगणात बसून चुरली. ती इतकी कडक झाली होती की चिमण्या चोच मारून उडून जायच्या. नुक्रानं पाणी आणलं, बापलेकींनी मिळून तुकडे भिजवले, मग चिमण्या आल्या. दादा तेव्हा रडला. रडून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "ते पियाले गळायचे ना गं? मला वाटायचं, माझाच हात थरथरतोय." त्या उन्हाळ्याबद्दल तो एवढंच काय ते बोलला.

मधल्या दाराचं कुलूप दुसऱ्या दिवशीपासून गेलं. हवं तिथे जा, दादानं तिला सांगितलं. ती एकदा माझ्याबरोबर पुलापर्यंत आली, अलीकडच्या टोकाला उभी राहून तिनं पलीकडच्या अक्रोडाकडे पाहिलं. नदी खरंच मोठ्यानं वाहत होती. तिचे ओठ हलत होते, पण काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर ती फारशी बाहेर गेली नाही. स्थळं यायची. माझा माणूस वाटेवर आहे, असं ती सांगायची, आणि आमच्याकडे याच्यापुढे कुणी बोलत नाही.

पुढे मन्सूर मीर झाला. कुरणाचं भांडण त्यानं मिटवून टाकलं, पूल नव्यानं बांधला, आणि स्वतः त्यावर कधी पाऊल टाकलं नाही. जर्दाळू फुलले की कुणीतरी दिवसभर अक्रोडाखाली बसलेलं असतं, असं मेंढपाळ सांगायचे. नुक्रा त्यांना दूध देऊन बोळवायची आणि काही विचारायची नाही.

गेल्या हिवाळ्यात दादा गेला. बर्फ वितळल्यावर पलीकडचा मिठाचा व्यापारी आला आणि झरोक्याशी बसून म्हणाला, मीरनं विचारलंय, बेग गेल्याचं कळलं, रोटी अजून आहे का?

भावाच्या रक्ताचा हक्क आता तिचा होता, घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिनं सूड सोडून दिला की मन्सूर सुटला. त्यानं यावं, रोटी खावी, आणि या घरात पुन्हा कुणीतरी तिसऱ्या पियाल्यातला चहा गरम असताना प्यावा. नुक्रानं जरा विचार केला आणि व्यापाऱ्याला म्हणाली, सांगा, रोटी जागेवर आहे. बाकी काही नाही. या असं नाही.

व्यापारी गेल्यावर मी तिला नको नको ते बोलले. मूर्ख आहेस, म्हटलं, तुझ्या केसांत पांढरं आलंय, मी उद्या मरेन, मग या भिंतींशी बोलत बसणार का? बोलाव त्याला.

"आत्या," ती म्हणाली, "तो आला की रोटी खाणार. खाल्ली की तो मन्सूर होणार, बेहरोजला मारा म्हणणारा. मग मला त्याच्याकडे तसंच बघावं लागेल. वाटेवर आहे तोवर तो ताहिर आहे."

"आणि तू? तोवर तू कोण?"

ती कोठीत गेली. तुळईला आता ती एकच रोटी आहे, काळपट, हलकी, पण चाव्याची कमान अजून स्पष्ट दिसते. उंदरांनी पोहोचू नये म्हणून दोरीला मधोमध भोपळ्याची कवटी अडकवली आहे, आणि दर वसंतात जुनी दोरी काढून नवी घालावी लागते. थोड्या वेळानं आतून तिची हाक आली, आत्या, जरा तिवई धर गं, हलतेय. मी मनात तिला शिव्या घालत गेले आणि तिवई दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले.